चूळ भरून निकाल देणारे मालक

ये, इकडे जवळ ये. दाराशी पाहुण्यासारखा काय बसलास? आत्याच्या घरी आला आहेस, तलाठ्याच्या कचेरीत नाही. सहा-सहा महिने तोंड दाखवायचं नाही, आणि आलास की फोनमध्ये डोकं. आण बघू ते फोटो. हे बिअरचे कारखाने म्हणायचे का? चकाचक आहेत रे. आणि एवढे इवलेसे पेले? असे ओळीने मांडून एक-एक घोट घ्यायचा, मग म्हणायचं याला संत्र्याचा वास, त्याला कॉफीचा वास. त्यासाठी अख्खं पुणं पालथं घातलंत तुम्ही चौघांनी. घाबरू नकोस, मी तुझ्या बापाला सांगणार नाही. पिण्याबद्दल मला काही बोलायचंच नाही. पण तो फोटो आहे ना, त्यात तू डोळे मिटून नाक वर केलं आहेस, तो बघून मला आमचे पिंपळनेरचे घरमालक आठवले. आणि ते आठवले की माझं तोंड कडू होतं. म्हणून ऐकून घे.

तुझ्या मामांची, म्हणजे आमच्या यांची, बदली पिंपळनेरला झाली तेव्हा दिल्लीत पंतप्रधान इंदिराबाईंना मारलं त्याला थोडेच दिवस झाले होते. हे वायरमन. आम्ही मालकांच्या खालच्या दोन खोल्या घेतल्या. वर मालक आणि मालकीणबाई. मालकांना कामधंदा काही नव्हता. बापाने जमीन ठेवलेली, ती दुसरे कसायचे. मालकांचं काम एकच, दारू चाखत फिरायचं.

पीत नव्हते हं. हे आधी समजून घे, कारण ते स्वतः सगळ्यात आधी हेच सांगायचे. "वहिनी, मी पीत नाही. मी परीक्षा करतो. पिणारा गाढव, चाखणारा जाणकार." दर रविवारी जीप काढायची आणि निघायचं. साक्रीच्या बाजूला, नवापूरच्या बाजूला, पार सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत. कुठे मोहाची निघते, कुठे ताडी, कुठे काळ्या गुळाची. एकदा माझ्या माहेरी असोद्याला गेले होते, का तर कोणीतरी सांगितलं की तिथे एक गडी पिकून गेलेल्या केळ्यांची काढतो. माझ्या माहेरी. आणि तुझ्या बापाच्या ओट्यावर बसून विचारलं, केळीवाला कुठे राहतो. तो मला वर्षभर टोमणे मारत होता.

सोबत काय काय न्यायचे ते सांगते. चांदीची वाटी, लहानशी, आतून घासून आरशासारखी केलेली. पितळेची पिकदाणी. खिशात फुटाणे, दोन चाखण्यांच्या मधे जीभ पुसायला. आणि काडेपेटी. आधी दोन थेंब दगडावर टाकून काडी लावायचे, ज्योत निळी की पिवळी ते बघायला. मग वाटी नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे. मग घोट. तो घोट तोंडात इकडून तिकडे फिरवायचा, गालफडं अशी फुगायची, मागून खळखळ आवाज यायचा, आणि मग सगळं त्या पिकदाणीत. मग निकाल. "हिला अंग आहे, शेपूट नाही." "ही घशाशी भांडते." "ही सालस आहे, पण घाईत निघालीय." एकदा बोलायला लागले की ताप चढल्यासारखे बोलायचे.

आता तू म्हणशील, लोक ऐकून कसे घ्यायचे? ज्याच्या अंगणात भट्टी त्याला या माणसाचं काय पडलंय? मलाही हाच प्रश्न पडायचा. मालक तर छाती फुगवून सांगायचे, "वहिनी, मी गेलो की खाट टाकतात, सगळ्यात चांगली बाटली आतून काढतात. गुणी माणसाला गुण कळतो." मला खरं कारण पुढे सोनीबाईने सांगितलं. सोनीबाई म्हणजे डोंगराकडच्या एका पाड्यावरची बाई. आठवडी बाजाराला चिंच, चारोळी, मोहाची वाळलेली फुलं घेऊन यायची आणि परतताना आमच्या ओट्यावर टेकायची. मी पाणी द्यायची, ती मला मूठभर चारोळी द्यायची, अशी आमची मैत्री. ती एक दिवस हसत-हसत म्हणाली, "अक्का, जीपमा येस, तोंडमा घेस आन् गियत नही. असा माणूस कोन ऱ्हास? दारूबंदीवालाच ऱ्हास ना."

म्हणजे बघ. ते गिळत नव्हते म्हणून सगळ्या मुलखाला वाटायचं, हा साहेब आहे, धाड घालायला आलाय, नमुना तपासतोय. म्हणून खाट, म्हणून आतली बाटली, म्हणून हात जोडणं. आणि हे शहाणे घरी येऊन बायकोला सांगणार, माझी जीभ मानतात. मी सोनीबाईला विचारलं, मग सांगत का नाहीत त्यांना की तुम्ही कोण? तर म्हणाली, "आनि खराच साहेब निघाला ते?"

मालकीणबाई बिचाऱ्या सोमवारी चिंच लावून ती वाटी घासत बसायच्या. एकदा मी म्हटलं, "तुम्हाला राग नाही येत?" तर म्हणाल्या, "दारू पिऊन मारणारा नवरा असता तर आला असता. हा नुसता बोलतो."

नुसता बोलतो, हे खरं. पण किती बोलतो? दारूपुरतं ठेवलं असतं तर निभावलं असतं. त्या माणसाला वाटायचं, जगात जे काही तोंडात घालता येतं त्यावर आपला निकाल बाकी आहे. मी वांग्याचं भरीत केलं की वास घेत जिन्यावरून खाली. बोटभर घ्यायचे, डोळे मिटायचे. "वहिनी, वांगं डाव्या अंगाने भाजलंय, उजवं अंग कच्चं." अरे, वांग्याला डावं-उजवं असतं होय? आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या आबांच्या तेराव्याला पंगत बसली. आबांचा मुलगा डोळे पुसत वाढतोय, आणि आमचे मालक वरण जिभेवर घोळवून म्हणतात, "हिंग फोडणीत उशिरा पडला." त्या पोराच्या हातातली पळी तशीच राहिली. पुढे मालकांच्या स्वतःच्या शेवटच्या दुखण्यात औषधाचंही तेच. डॉक्टरने दिलेलं पातळ औषध तोंडात फिरवायचे आणि बाजूला टाकून म्हणायचे, "साखर जास्त आहे." मालकीणबाई वाटी धरून उभ्या. त्या आयुष्यात एकदाच ओरडल्या म्हणतात, "गिळा." मी तिथे नव्हते, पण मला तो आवाज ऐकायला आवडला असता.

जाऊ दे. मला सांगायचं आहे ते जमनाच्या सोयरिकीचं.

जमना ही सोनीबाईची मुलगी. काळीसावळी, उंच, कामाला वाघीण. नदीपलीकडच्या पाड्यावरचा एक मुलगा तिने जत्रेत बघितला होता, त्याने हिला बघितलं होतं, आणि दोघांची मनं बसली होती. मुलाला आई-बाप नव्हते, आजीने वाढवलेला. आजी कडक. पण आजीही आली, बोलली, ठरलं. फक्त रीत व्हायची राहिली होती. त्यांच्याकडे रीत अशी, की मुलीच्या घरी मोहाची काढायची, स्वतःच्या फुलांची, विकतची नाही. आधी दोन थेंब जमिनीला, मग पळसाच्या पानाच्या द्रोणातून दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी एक-एक घोट घ्यायचा. तो घोट गिळला की तुम्ही साक्षीदार झालात, सोयरीक पक्की. मग ती मोडायला पंच बसावे लागतात. आणि ज्याला प्यायची नसेल त्याला काही सक्ती नाही. द्रोण कपाळाला लावायचा आणि पुढे द्यायचा. कोणी वाईट मानत नाही. मी तेच करणार होते.

सोनीबाई मला बोलवायला आली ती ओट्यावर बसून. "मनी पोरनी सोयरीक शे, अक्का. तू येजो." मी जमनासाठी पोलकं शिवलंच होतं, जांभळं, बाह्यांना हिरवी पट्टी. तेवढ्यात जिन्यावरून मालकांचा आवाज. "सोयरिकीची काढणार? घरच्या फुलांची? अशी बाहेर कुठे मिळत नाही. आम्ही येऊ." सोनीबाई नाही कशी म्हणणार? तिच्या लेखी तो साहेब. म्हणाली, "या ना, मालक."

मी वर जाऊन म्हटलं, "भाऊ, ते घरगुती कार्य आहे. तुमच्या परीक्षेचं काय काम तिथे?" तर म्हणतात, "वहिनी, म्हणूनच तर. तिथे खरी चव."

माघ महिना होता. नवी फुलं पडायला अजून अवकाश. सोनीबाईने घरात होती नव्हती तेवढी फुलं भिजवली होती, हे लक्षात ठेव. अंगण शेणाने सारवलेलं, वर कडुलिंबाची सावली. एका बाजूला मुलीकडचे, एका बाजूला मुलाकडचे. मधोमध मडकं. आजी मोठ्या दगडावर बसलेली, हातात काठी. आतून उडदाच्या डाळीचा वास येत होता, बायका नागलीच्या भाकरी थापत होत्या. जमना दाराच्या आड, माझं पोलकं घालून.

द्रोण फिरायला लागला. सोनीबाईच्या दिराने घेतला, गिळला. मुलाच्या काकाने घेतला, गिळला. माझ्याकडे आला, मी कपाळाला लावला आणि पुढे दिला. पुढे कोण, तर मालक, खाटेवर. त्यांनी द्रोण हातात घेतला आणि खिशातून चांदीची वाटी काढली. मी वाकून हळूच म्हटलं, "भाऊ, कपाळाला लावा आणि द्या." ऐकलंच नाही. द्रोणातली वाटीत ओतली. नाक खुपसलं. घोट घेतला. गालफडं फुगली. सगळे बघताहेत. तो खळखळ आवाज. आणि पिकदाणी राहिली होती जीपमध्ये.

थुंकले. सारवलेल्या अंगणात, मडक्यापासून हातभर अंतरावर.

वर निकाल. "बुडाला लागलीय. फुलं जुनी आहेत."

मुलाचा काका उठला. त्याच्यामागे एक-एक करत सगळेच उठले. आजी मात्र बसूनच होती. तिने मालकांकडे बघितलं नाही, त्या ओल्या डागाकडे बघितलं आणि म्हणाली, "यानी सोयरीक थुकी टाकी."

सोनीबाई खाली बसली. तिचा दीर हात जोडून आजीला सांगू लागला, हा माणूस आमचा नाही, गावचा साहेब आहे, याला आमची रीत माहीत नाही. आजीने बराच वेळ ऐकून घेतलं. कडक होती, पण न्यायाची होती. म्हणाली, "आते त्याले एक घोट गियाले सांगा. मंग मी काहीच मनमा ठेवत नही." एक घोट गिळायचा, बस. झालं गेलं ती विसरणार होती.

सगळे मालकांकडे बघू लागले. जमना दारातून बाहेर आली होती. मी जवळ गेले आणि म्हटलं, "भाऊ, घ्या. एकच घोट आहे."

तर काय म्हणाले माहीत आहे? "वहिनी, आजवर एक थेंब पोटात जाऊ दिलेला नाही मी. आज गिळला की उद्या माझ्या शब्दाला कोण विचारणार?"

मी म्हटलं, "आत्ता कोण विचारतंय?"

"तुम्हाला नाही कळायचं ते. आणि वाईटाला चांगलं म्हणायचं मला जमत नाही."

"म्हणू नका चांगलं. गिळा आणि गप्प बसा."

मान हलवली. देवाला नवस बोललेला असता, आईला शब्द दिलेला असता, पोटाचं दुखणं असतं, तर मी समजून घेतलं असतं. तसं काही नव्हतं. स्वतःच स्वतःला दिलेली पदवी, तेवढी सांभाळायची होती. तिच्यापुढे त्या पोरीचा संसार घोटभरही नव्हता. रुमालाने वाटी पुसली, खिशात घातली, जीपकडे चालू लागले. वळून मला म्हणाले, "येताय ना वहिनी? ऊन वाढतंय." मी म्हटलं, "तुम्ही जा." आणि गेले. धूळ उडवत गेले.

मुलाकडचे न जेवता परतले. एवढ्या भाकरी, एवढी डाळ, कोणाच्या घशाखाली उतरेना. जमना मागच्या बाजूला चुलीशी बसली होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "अक्का, तो डोकरा एक घोट गियी लेता ते काय मरी जाता?" आणि सोनीबाईचं तर वेगळंच. ती मडक्यात बघत बसली होती. मला विचारते, "मनी दारू खरंच जयेल व्हती का, अक्का?" तिची दारू जळकी होती का, हे मला विचारते. मी जन्मात कधी जिभेला लावली नव्हती. पण त्या बाईला सोयरीक मोडल्याचं दुःख एकीकडे आणि आपल्या हातचं वाईट झालं ही शंका दुसरीकडे, दोन्ही त्या माणसाने एका तोंडाने दिलं होतं.

एवढ्यावर थांबले असते तर ठीक. चहाच्या टपरीवर बसून चारचौघांत सांगितलं, सोनीबाईची फुलं जुनी, हात जड. पुढच्या बाजाराला लोक तिची चिंच-चारोळीसुद्धा हातात घेऊन वास घ्यायला लागले आणि परत टाकायला लागले. ती आमच्या ओट्यावर यायची थांबली. का येईल? ओटा त्यांचा. मीच बाजारात तिच्या पाटीजवळ जाऊन बसायची.

तिथेच तिच्या शेजारणीने बोलून दाखवलं. मोठ्या आवाजाची बाई होती. म्हणाली, "एक घरनी फुलं जुनी म्हनस ना तो? मंग बठ्ठा पाडानी घालू. देखू, बठ्ठा पाडाले जुना कोन म्हनस." बठ्ठा म्हणजे सगळा. आणि खरोखर तसं केलं रे त्यांनी. सगळ्यांच्या कणग्या तळाला लागलेल्या, होळी तोंडावर आलेली, होळीसाठी प्रत्येकीने थोडी राखून ठेवलेली. ती आणली. कोणी पदरात, कोणी सुपात, कोणी ओंजळीत. सगळी एकात एक करून भिजवली. त्या वर्षी त्या पाड्यावरची होळी कोरडीच गेली असणार, पण मला कोणी तसं बोलून दाखवलं नाही.

मडकं डोक्यावर घेऊन बायकाच निघाल्या, नदी ओलांडून मुलाच्या पाड्यावर. मीही गेले. रीतीप्रमाणे त्यांनी यायचं असतं, आपण जायचं नसतं. ते बघूनच आजी दारातून बाहेर आली. कोणाच्या फुलांची आहे, तिने विचारलं. शेजारीण म्हणाली, "बठ्ठासनी." आजीने द्रोण घेतला. दोन थेंब जमिनीला दिले. मग तोंडाला लावला आणि तशीच उभी राहिली, तोंडात धरून. आम्ही सगळ्या तिच्या गळ्याकडे बघतोय. म्हाताऱ्या गळ्याची सुरकुतलेली कातडी, त्यावर गोंदण. मला वाटलं, ही पण थुंकते आता. सोनीबाईने माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी पिचली.

गळा हलला.

"गोड शे," आजी म्हणाली. आणि मग सोनीबाईला जवळ घेऊन द्रोण तिच्या तोंडाला लावला.

मालकांना हे कळलं तेव्हा ते जिन्यात उभे होते. मला वाटलं, आता तरी खाली बघतील. माणूस आहे, कुठेतरी टोचेल. तर डोळे चमकले त्यांचे. म्हणाले, "बघा वहिनी. मी बोललो म्हणून सुधारली ना? नाहीतर तीच जळकी पाजली असती पाहुण्यांना." आणि पुढे कितीतरी वर्षं, जो येईल त्याला हे सांगत होते. माझ्या एका शब्दाने अख्खा पाडा सुधारला, म्हणून. मुलीचं नाव काय, तेही त्यांना कधी ठाऊक नव्हतं. लग्न झालं का, हे विचारलं नाही. मालकीणबाईंनी मात्र एक लुगडं पाठवलं होतं माझ्या हाती, मालकांना न सांगता.

आम्ही लवकरच ती खोली सोडली. मग धुळ्याला बदली, मग इथे जळगावला, पिंप्राळ्यात घर झालं. सोनीबाई गेली. आजी तर कधीच गेली. पण जमना आहे. नवरा चांगला निघाला, तो जत्रेतलाच. नातवंडं झाली. कोणी इकडे यायचं असलं की चारोळीची पुडी पाठवते आणि निरोप देते, अक्का, एकदा ये. आता तिच्या थोरल्या नातीची सोयरीक आहे, मोहाची फुलं पडून गेली की. निरोप आलाय. मला जायचंच आहे. पण साक्रीपर्यंतची एसटी आणि पुढचा तो डोंगराचा रस्ता माझ्याने एकटीने होत नाही आता, गुडघे बोलतात.

म्हणून तुला सांगते. सुट्टी काढ. आदल्या दिवशी इथे मुक्कामाला ये, भरीत-भाकरी करून ठेवते, ताटात जे पडेल ते मुकाट्याने जेव. सकाळच्या गाडीने आपण जमनाकडे जाऊ, तिला मी सांगून ठेवलंय की माझा भाचा मला घेऊन येतोय. तेव्हा लवकर ये, बाळा. एकदा त्या मालकांच्या घोटापायी वाट बघितलीय तिने, तुझ्यापायी पुन्हा बघायला लावू नकोस.